विंगरची कारकीर्द : वेग, थांबणे आणि तिशीनंतरचा खेळ

प्रश्न असा आहे. कोल्हापुरातील एका पालकांचा पंधरा वर्षांचा मुलगा पेठेतल्या तालमीच्या, म्हणजे तिथल्या स्थानिक क्लबाच्या, कुमार फुटबॉल संघातून डाव्या कडेला, म्हणजे विंगर म्हणून, खेळतो. तो डाव्या पायाचा आहे, शाळेच्या शंभर मीटरमध्ये सलग दोन वर्षे पहिला आला आहे, आणि दहावीनंतर त्याला निवासी अकॅडमीत घालावे असे घरी-दारी सगळे सांगत आहेत. निर्णय घेण्याआधी वडिलांना तीन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत: व्यावसायिक विंगरची कारकीर्द किती वर्षांची असते, तिच्यात कोणते टप्पे येतात, आणि वेग ओसरला की अशा खेळाडूचे काय होते.

मी मुंबईतल्या एका कार्यालयीन संघाकडून नऊ हंगाम ‘लेफ्ट आउट’, म्हणजे डाव्या कडेचा विंगर, म्हणून खेळलो आणि त्यानंतरची बावीस वर्षे मुलांना शिकवण्यात घालवली. या जागेवरच्या खेळाडूंना वर चढताना मी जसे पाहिले, तसेच वयाच्या चोविसाव्या वर्षी बूट खुंटीला टांगतानाही पाहिले आहे. म्हणून उत्तर जरा सविस्तर देतो.

नियमितपणे वरच्या पातळीवर खेळणाऱ्या विंगरला, मोठी दुखापत टळली तर, विशीपासून बत्तिशी-तेहतिशीपर्यंत साधारण दहा-बारा हंगाम मिळतात. गोलरक्षक किंवा मधला बचावपटू याहून बरीच वर्षे खेळू शकतो. मात्र या दहा-बारा वर्षांत विंगर एकच काम करत राहत नाही. पंचविशीपर्यंत तो प्रामुख्याने पायांवर खेळतो. सत्ताविशी-अठ्ठाविशीच्या आसपास पहिले पाऊल किंचित जड होऊ लागते, जे प्रेक्षकांना दिसत नाही पण समोरच्या फुलबॅकला, म्हणजे कडेच्या बचावपटूला, लगेच कळते, आणि तिथून पुढे त्याला डोळ्यांवर खेळावे लागते. ज्याने ही दुसरी विद्या आधीच शिकून ठेवलेली असते त्याची कारकीर्द पुढे सरकते. ज्याने शिकलेली नसते तो एकोणतिसाव्या वर्षी एकाएकी संपला असे लोक म्हणतात, पण त्या संपण्याची सुरुवात बहुतेक वेळा पंधराव्या-सोळाव्या वर्षीच झालेली असते, जेव्हा वेगाने सगळे साधत होते आणि म्हणून दुसरे काहीही शिकवले गेले नाही.

वेग म्हणजे नेमके काय, याबद्दल पालकांचाच नव्हे, अनेक प्रशिक्षकांचाही गैरसमज असतो. शंभर मीटर धावणाऱ्या मुलाला सरळ रेषेत, समोर कोणी नसताना, एकदाच धावायचे असते. विंगरला कडेची रेषा आणि फुलबॅक यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीत दहा-पंधरा मीटर धावायचे असते, तेही चेंडूसह, आणि ते एका सामन्यात कित्येकदा. चांगला फुलबॅक निव्वळ वेगाला घाबरत नाही. तो दोन पावले मागे सरतो, आतली वाट बंद करतो आणि विंगरला रेषेकडे ढकलत नेतो. तो हरतो तो वेग बदलल्यामुळे. पूर्ण वेगात आलेला विंगर एका पावलात थांबला की फुलबॅकचे वजन मागच्या टाचेवर जाते, आणि त्या क्षणी विंगर पुन्हा निघाला तर त्याला वळायलाही वेळ उरत नाही. म्हणून मी मुलांची चाचणी घेताना घड्याळ लावण्याआधी त्यांना थांबायला सांगतो. जो मुलगा दोन पावलांत, गुडघा आत न वळवता, चेंडू पायाशी ठेवून थांबतो, त्याच्यात मला विंगर दिसतो. जो थांबताना आठ पावले घेतो तो आज कितीही गोल करत असला तरी माझ्या दृष्टीने अजून फक्त धावपटू आहे.

आता पंधराव्या वर्षाविषयी, कारण तुमचा प्रश्न तिथे उभा आहे. मुलांमध्ये उंची झपाट्याने वाढण्याचा काळ साधारण तेरा-चौदाव्या वर्षाच्या सुमारास येतो, पण एकाच वर्गातल्या दोन मुलांत त्याबाबत दोन-तीन वर्षांचेही अंतर असू शकते. ज्याची वाढ लवकर झाली तो चौदा-पंधरा वर्षांखालच्या सामन्यांत पुरुषाच्या स्नायूंनी मुलांशी खेळत असतो. त्याचा वेग खरा असतो, पण तो वेग हा त्याचा कायमचा फायदा नसतो; सतराव्या-अठराव्या वर्षी बाकीचे त्याला गाठतात. शिवाय वयोगट १ जानेवारीपासून मोजला जात असल्याने वर्षाच्या पहिल्या तीन महिन्यांत जन्मलेली मुले निवड संघांत जास्त दिसतात, हे जगभर आढळून आले आहे. तेव्हा स्वतःला काही साधे प्रश्न विचारा. मुलाचा जन्म कोणत्या महिन्याचा आहे? गेल्या वर्षभरात त्याची उंची किती वाढली? त्याला मिसरूड फुटून किती काळ झाला? बुटाचा नंबर अजून बदलतो आहे का? जर त्याची वाढ जवळजवळ पूर्ण झाली असेल, तर आजचा वेग हा त्याचा आजचाच आहे असे समजून पुढचा विचार करावा लागेल. उलट तो वर्गात अजून लहानखोर दिसत असूनही सगळ्यांना मागे टाकत असेल, तर ती फार आशादायक गोष्ट आहे.

याच वयात आणखी एक धोका असतो. हाडे वाढत असतात आणि स्नायू त्यांच्या मागे पडलेले असतात, त्यामुळे गुडघ्याच्या वाटीखाली, नडगीच्या हाडाला जिथे कंडरा जोडलेली असते तिथे, दुखरा उंचवटा येतो. काहींची टाच दुखते. वाढीच्या वयातले हे दुखणे बहुतेकांचे कालांतराने आपोआप शमते, पण त्या काळात उड्या, उतारावरचे धावणे आणि रोजचे दोन-दोन सराव कमी करावेच लागतात. तालमीचा सराव, शाळेचा संघ, आंतरशालेय स्पर्धा आणि सुट्टीतल्या सेव्हन-अ-साइड स्पर्धा या सगळ्यांत एकच वेगवान मुलगा सगळ्यांना हवा असतो, आणि त्याने आठवड्यात किती सामने खेळले याची बेरीज कोणाकडेच नसते. ती बेरीज पालकांनी ठेवावी. एक साधी वही पुरते.

आपल्याकडचे उदाहरण घ्यायचे तर मी लालियानझुआला छांगटेचे घेतो, कारण त्याची वाट महाराष्ट्रातूनच गेली. मिझोरममधल्या लुंगलेईत ८ जून १९९७ रोजी जन्मलेला हा मुलगा पुण्यात डीएसके शिवाजियन्सच्या अकॅडमीत घडला. डिसेंबर २०१५ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, त्याने दक्षिण आशियाई देशांच्या सॅफ स्पर्धेत नेपाळविरुद्ध भारताकडून दोन गोल केले. त्या क्षणी पाहणाऱ्या कोणालाही वाटले असते की हा दोन वर्षांत देशातला पहिल्या क्रमांकाचा विंगर होईल. प्रत्यक्षात त्याला सात वर्षे लागली. नॉर्थईस्ट युनायटेडकडे लोनवर, म्हणजे तात्पुरता उसना, मग दिल्ली डायनॅमोज, मग चेन्नईयिन, असा त्याचा प्रवास झाला. त्या वर्षांत त्याच्या वेगाबद्दल कोणाला शंका नव्हती. शंका होती ती वेगाने पोचल्यावर तो काय करतो याबद्दल. गोलसमोर तो घाई करत असे, मान वर यायच्या आधी पाय चालत असे. जानेवारी २०२२ मध्ये तो मुंबई सिटीकडे आला आणि प्रशिक्षक डेस बकिंगहॅम यांच्या संघात उजव्या कडेला स्थिरावला. डाव्या पायाचा खेळाडू उजव्या कडेला गेला की त्याच्या चांगल्या पायासमोर गोल उघडतो. २०२२–२३ च्या हंगामात मुंबईने इंडियन सुपर लीगच्या (आयएसएल) गुणतक्त्यात अव्वल राहून लीग शिल्ड जिंकली, छांगटे आयएसएलचा सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने त्याला वर्षातला सर्वोत्तम खेळाडू म्हणून गौरवले.

त्या बदलाचा खरा पुरावा मला २४ एप्रिल २०२४ च्या सामन्यात दिसला. गोव्यात फातोर्ड्याला आयएसएलच्या उपांत्य फेरीच्या पहिल्या लढतीत एफसी गोवा नव्वदाव्या मिनिटापर्यंत २–० ने पुढे होता. त्यानंतरच्या सहा-सात मिनिटांत मुंबईने तीन गोल केले, त्यातले दोन छांगटेचे. अशा वेळी सगळ्यांचेच पाय जड झालेले असतात आणि धावण्याची शर्यत संपलेली असते. उरते ती जागा ओळखण्याची शर्यत. जो छांगटे विशीत समोर गोलरक्षक दिसला की गोंधळत असे, तोच सव्विसाव्या वर्षी, सामन्याच्या सर्वांत घाईच्या क्षणी, शांत होता. पुढे ४ मे रोजी कोलकात्याच्या सॉल्ट लेक मैदानावर मोहन बागानला ३–१ ने हरवून मुंबईने चषकही घेतला. तुमच्या मुलाचाही पाय डावा आहे म्हणून हे सांगतो: त्याला आतापासून दोन्ही कडांवर खेळवा. तालमीचा प्रशिक्षक त्याला डावीकडेच ठेवेल, कारण तिथून गोलसमोर मारलेल्या क्रॉसवर रविवारचा सामना जिंकता येतो. त्यांना विनंती करून निदान सरावात तरी त्याला उजवीकडे उभे करा.

उलट पायाच्या या खेळाचा सर्वांत मोठा उस्ताद आर्येन रॉबेन. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेनजवळच्या बेदुम गावचा हा खेळाडू ग्रोनिंगेन, पीएसव्ही, चेल्सी, रेआल माद्रिद अशी मजल-दरमजल करत ऑगस्ट २००९ मध्ये, पंचविसाव्या वर्षी, बायर्न म्युनिकला पोचला आणि दुसऱ्याच दिवशी वोल्फ्सबुर्गविरुद्ध बदली म्हणून उतरून त्याने दोन गोल केले. तो उजव्या कडेवरून आत वळणार आणि डाव्या पायाने लांबच्या कोपऱ्यात मारणार, हे युरोपातल्या प्रत्येक बचावपटूला माहीत होते. तरीही तो दहा वर्षे तेच करत राहिला आणि त्या काळात बायर्नने आठ वेळा बुंडेसलिगा, म्हणजे जर्मनीची लीग, जिंकली. माहीत असूनही ते रोखता का येत नसे, याचे उत्तर पुन्हा वेग बदलण्यातच आहे. तो आत वळतो केव्हा हे फक्त त्याच्या हातात होते, आणि त्याच्या बाहेरून बायर्नचा फुलबॅक फिलिप लाम पुढे पळत असल्यामुळे समोरच्या फुलबॅकला एक डोळा बाहेर ठेवावाच लागे. विंगर एकटा चांगला नसतो, त्याच्यामागचा फुलबॅक त्याला चांगला करतो. पालक फक्त आपल्या मुलाकडे पाहतात म्हणून ही गोष्ट त्यांच्या लक्षात येत नाही. मुलासाठी संघ निवडताना त्याच्यामागे कोण खेळतो तेही पाहा.

रॉबेनची कारकीर्द मी मुलांना दाखवतो ती मात्र दुसऱ्या कारणासाठी. हा माणूस आयुष्यभर दुखापतींशी झगडला. २०१० च्या विश्वचषकाआधी हंगेरीविरुद्धच्या सराव सामन्यात त्याच्या मांडीचा मागचा स्नायू दुखावला, आणि पहिले सामने बाहेर बसून तो स्पर्धेत उतरला. त्याच स्पर्धेच्या अंतिम सामन्यात तो एकटा स्पेनचा गोलरक्षक कासियास याच्यापुढे पोचला आणि कासियासच्या पायाला लागून चेंडू बाहेर गेला. २०१२ च्या चॅम्पियन्स लीग अंतिम सामन्यात, बायर्नच्याच मैदानावर, जादा वेळेत त्याची पेनल्टी चेल्सीचा गोलरक्षक पेटर चेकने अडवली. त्यानंतर सुमारे एका वर्षाने, २५ मे २०१३ रोजी, वेम्बलीवर डॉर्टमुंडविरुद्ध ८९ व्या मिनिटाला त्याने विजयी गोल केला. तो गोल मुद्दाम पाहावा. आयुष्यभर बॉम्बसारखे फटके मारणाऱ्या या खेळाडूने तो चेंडू जोरात मारलाच नाही. बचावपटूंच्या मधून निसटून त्याने तो गोलरक्षकाच्या बाजूने हळूच सरकवला. त्या वेळी तो एकोणतीस वर्षांचा होता.

मांडीचा मागचा स्नायू, म्हणजे हॅमस्ट्रिंग, हा विंगरच्या कारकिर्दीचा खरा मालक आहे, म्हणून त्यावर थोडे थांबतो. पूर्ण वेगात धावताना पाय पुढे झेपावतो आणि जमिनीला टेकण्याच्या नेमके आधी, ताणला जात असतानाच, या स्नायूला पायाला आवर घालावा लागतो. बहुतेक फाटणे त्याच क्षणी होते. म्हणजे इंजिन कमी पडत नाही, आवर घालण्याची ताकद कमी पडते. एकदा फाटलेला स्नायू पुन्हा फाटण्याची शक्यता मोठी असते, विशेषतः खेळाडू घाईने परतला तर. मी चोवीस वर्षांचा असताना एका स्पर्धेच्या साखळीत माझा उजव्या मांडीचा स्नायू गेला. संघाने गरम पाण्याचा शेक आणि मालीश सांगितली, दुखणे थांबले, आणि नवव्या दिवशी उपांत्य सामन्यात मला उतरवले गेले. बाविसाव्या मिनिटाला तो पुन्हा गेला, या वेळी अधिक खोल. त्यानंतर मी अजून पाच हंगाम खेळलो, पण पहिले पाऊल परत आले नाही. दुखणे थांबले म्हणजे स्नायू बरा झाला असे नसते, हे त्या वेळी मला कोणी सांगितले नाही, म्हणून मी ते माझ्या प्रत्येक मुलाला सांगतो.

उपाय खर्चिक नाहीत. गुडघ्यांवर बसून, जोडीदाराने घोटे धरून ठेवलेले असताना, शरीर सरळ ठेवत हळूहळू पुढे झुकण्याचा जो व्यायाम नॉर्डिक म्हणून ओळखला जातो, तो नियमित केल्यास या दुखापती कमी होतात हे चांगले सिद्ध झालेले आहे. सुरुवात थोड्या आवर्तनांनी, आठवड्यातून एक-दोनदा, जाणकाराच्या देखरेखीखाली करावी. त्याच्या जोडीला आठवड्यातून एक-दोन वेळा खरोखर पूर्ण वेगाने धावणे आवश्यक असते, कारण जो सरावात कधीच पूर्ण वेगात जात नाही त्याचा स्नायू सामन्यात फाटतो. दुखापत झालीच तर फिजिओथेरपिस्टने पूर्ण वेगातली धाव आणि अचानक थांबणे या दोन्ही परीक्षा घेतल्याशिवाय मैदानात परतायचे नाही, सामना कितीही मोठा असो. पेठेतली मंडळी घरी येऊन बसतील. त्यांना चहा द्यावा आणि नाही म्हणावे.

वेग ओसरल्यावर काय, या तुमच्या तिसऱ्या प्रश्नाला रायन गिग्ज हे माझ्या माहितीतले सर्वांत पूर्ण उत्तर आहे. मार्च १९९१ मध्ये सतराव्या वर्षी तो मँचेस्टर युनायटेडकडून पहिल्यांदा खेळला आणि मे २०१४ मध्ये, चाळिशीत, थांबला. एकाच क्लबसाठी ९६३ सामने आणि १३ लीग विजेतेपदे. त्याचा सर्वांत प्रसिद्ध गोल १४ एप्रिल १९९९ चा, एफए चषकाच्या उपांत्य फेरीच्या पुनर्सामन्यात आर्सेनलविरुद्ध. युनायटेडचे दहाच खेळाडू उरले होते, जादा वेळ चालू होता, आणि बदली म्हणून उतरलेल्या गिग्जने आर्सेनलच्या व्हिएराचा चुकलेला पास पकडून आपल्या अर्ध्यातून धाव घेतली, समोर आलेल्या प्रत्येकाला हुलकावणी दिली आणि वरच्या जाळ्यात फटका मारला. तो तेव्हा पंचवीस वर्षांचा होता. तसा गोल त्याने पुन्हा केला नाही, आणि त्याची गरजही पडली नाही.

कारण त्यानंतर त्याने स्वतःला हळूहळू बदलले. हॅमस्ट्रिंगच्या दुखापतींनी त्याला वारंवार गाठले होते. त्याने योगासने नेमाने सुरू केली आणि खाण्यापिण्यात व झोपेत शिस्त आणली. २००७ मध्ये, ६४ सामन्यांनंतर, वेल्सकडून खेळणे थांबवून त्याने शरीरावरचा भार कमी केला. आणि कडेवरून तो मैदानाच्या मध्यभागी सरकला, जिथे कमी धावून अधिक पाहावे लागते. कडेवरच्या खेळाडूला एका बाजूला रेषा असते, म्हणजे धोका फक्त अर्ध्या वर्तुळातून येतो. मध्यभागी तो चारी बाजूंनी येतो. हा बदल वाटतो तितका सोपा नाही. पास येण्याआधी दोन्ही खांद्यांवरून मागे पाहण्याची सवय नसेल तर तीस वर्षांचा विंगर मध्यभागी हरवून जातो. गिग्जला ती सवय होती. इंग्लंडच्या व्यावसायिक खेळाडूंच्या संघटनेने वर्षातला सर्वोत्तम खेळाडू म्हणून त्याला पहिल्यांदा निवडले ते २००९ मध्ये, पस्तिसाव्या वर्षी. विशीतल्या त्याच्या सर्वांत वेगवान वर्षांत तो मान त्याला मिळाला नव्हता.

याहून जुने आणि याहून आश्चर्यकारक उदाहरण स्टॅनली मॅथ्यूज यांचे आहे. १९१५ साली स्टोक-ऑन-ट्रेंटच्या हॅन्ली भागात, मुष्टियोद्धा असलेल्या एका न्हाव्याच्या घरी जन्मलेला हा उजव्या कडेचा खेळाडू बत्तिसाव्या वर्षी ब्लॅकपूलला गेला, म्हणजे आजचे विंगर जिथे आवरते घेतात तिथे. १९५३ च्या एफए चषकाच्या अंतिम सामन्यात ब्लॅकपूल १–३ ने मागे असताना अडतीस वर्षांच्या मॅथ्यूज यांनी बोल्टनची डावी बाजू मोकळी केली आणि ब्लॅकपूल ४–३ ने जिंकले. तीन गोल स्टॅन मॉर्टेन्सनचे होते, तरी लोक त्या सामन्याला मॅथ्यूज यांचा अंतिम सामना म्हणतात. १९५६ मध्ये युरोपातल्या सर्वोत्तम खेळाडूचा पहिला बॅलन डी’ओर पुरस्कार त्यांना मिळाला, तेव्हा ते एकेचाळीस वर्षांचे होते, आणि शेवटचा लीग सामना ते फेब्रुवारी १९६५ मध्ये, पन्नाशी पूर्ण झाल्यावर पाच दिवसांनी खेळले. ते मद्य घेत नसत आणि पहाटे ब्लॅकपूलच्या किनाऱ्यावर एकट्याने सराव करत. त्यांनी आयुष्यभर जपले ते पहिले काही यार्ड. लांब पल्ल्याचा वेग त्यांनी कधी महत्त्वाचा मानला नाही. फुलबॅकच्या जवळ जाऊन थांबायचे, शरीर आत झुकवायचे आणि बाहेरून निघायचे, इतकेच ते करत. अर्थात तेव्हाच्या खेळात आजच्याइतकी धावपळ नव्हती आणि विंगरला मागे येऊन बचाव करावा लागत नसे, हे मान्य करूनच हे उदाहरण घ्यावे.

आज मात्र विंगरला बचाव करावाच लागतो, आणि याबाबत आपल्याकडची मुले कमी पडतात. शाहू स्टेडियमवर कडेने एकाला चकवले की गॅलरी उठते. चेंडू गेल्यावर तोच मुलगा चाळीस मीटर मागे पळत आला तर टाळी पडत नाही. व्यावसायिक संघाचा निरीक्षक मात्र हीच धाव पाहायला आलेला असतो. माझ्या हाताखालच्या दोन चांगल्या मुलांची निवड केवळ एवढ्यासाठी हुकली आहे.

आता पोटापाण्याचे. भारतात विंगरची कारकीर्द पूर्वी नोकरीच्या आधाराने उभी राहत असे. भारताचे सर्वांत मोठे राइट आउट प्रदीपकुमार बॅनर्जी, ज्यांनी १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये भारताचे नेतृत्व केले आणि फ्रान्सविरुद्ध गोल केला, ते मोहन बागान किंवा ईस्ट बंगाल यांपैकी कोणाकडेही गेले नाहीत. ते ईस्टर्न रेल्वेकडून खेळले. १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेच्या अंतिम सामन्यातही त्यांनी गोल केला आणि सुवर्णपदक आले. दुखापतींमुळे १९६७ मध्ये खेळणे थांबले, पण तोवर नोकरीचा पाया पक्का होता आणि पुढे त्यांनी प्रशिक्षक म्हणून दुसरे मोठे आयुष्य उभे केले. मुंबईत माझ्या पिढीलाही बँका, तेल कंपन्या आणि कारखाने यांच्या संघांचा आधार होता. ते संघ एकामागून एक बंद झाले. २०१० मध्ये महिंद्र युनायटेडही थांबला. आता करार क्लबशी असतो, एक-दोन-तीन वर्षांचा, आणि त्यानंतर काहीही गृहीत धरता येत नाही. २०२५ मध्ये आयएसएलच्या व्यावसायिक हक्कांचा करार संपत आल्यावर पूर्ण हंगामच लांबणीवर पडला आणि चांगले चांगले खेळाडू महिनोन्महिने सामन्यांविना राहिले. म्हणून बारावीपर्यंतचे आणि शक्य तर पदवीपर्यंतचे शिक्षण ही माझी अट असते. रेल्वे, पोलीस आणि सैन्यदलांच्या क्रीडा कोट्यातली नोकरी ही हार नाही; त्या संघांतून संतोष ट्रॉफी ही राष्ट्रीय स्पर्धा खेळून चांगले आयुष्य उभे केलेली मुले मी पाहिली आहेत.

कागदपत्रांबाबत काही गोष्टी आताच माहीत असाव्यात. फिफाच्या नियमानुसार अठरा वर्षांखालील खेळाडूशी तीन वर्षांहून अधिक मुदतीचा करार करता येत नाही. अठरा वर्षांखालील खेळाडूची परदेशी क्लबात नोंदणीही, काही मोजके अपवाद सोडले तर, होत नाही. त्यामुळे पंधरा वर्षांच्या मुलाला ‘युरोपात ट्रायल देतो, क्लब लगेच घेईल’ असे सांगून कोणी पैसे मागत असेल तर तिथेच थांबा. मुलाची नोंदणी आज ज्या क्लबात किंवा तालमीत आहे ती जन्मतारखेसह बिनचूक करून घ्या. वय कमी दाखवण्याचा मोह कोणी घातला तर त्याला दारातूनच परत पाठवा. मनगटाच्या हाडांवरून वय ठरवणाऱ्या तपासणीत ते उघड होते आणि मुलाचे नाव आयुष्यभर खराब होते. बिनचूक नोंदीचा तालमीलाही उपयोग असतो, कारण खेळाडू पुढे परदेशी क्लबाने रक्कम मोजून घेतला तर बारा ते तेवीस या वयात त्याला घडवणाऱ्या क्लबांचा त्या रकमेत छोटा वाटा असतो.

निवासी अकॅडमीबाबत माझे मत असे. तुमच्या कोल्हापूरचाच अनिकेत जाधव २०१७ चा सतरा वर्षांखालील विश्वचषक भारताकडून खेळला आणि पुढे इंडियन ॲरोज, जमशेदपूर, हैदराबाद असा गेला, म्हणजे कोल्हापुरातून ही वाट निघते हे सिद्ध आहे. पण घर सोडून जाण्याआधी त्या अकॅडमीत स्वतः दोन दिवस राहा. तिथे पूर्णवेळ फिजिओ आहे का, आठवड्यातले सराव आणि सामने कोणी लिहून ठेवतो का, मुले शाळेत खरोखर जातात का, आणि दोन-तीन वर्षांपूर्वी बाहेर पडलेली मुले आज कुठे आहेत, हे विचारा. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर देताना ज्यांनी फक्त एका यशस्वी मुलाचे नाव सांगितले त्यांच्याकडे मी मुलगा पाठवणार नाही. चारही उत्तरे पटली तर दहावीनंतर जरूर पाठवा. पटली नाहीत तर आणखी दोन वर्षे कोल्हापुरात खेळण्यात काहीही बिघडत नाही, कारण तिथे त्याला वयाने मोठ्या, अंगाने दांडग्या फुलबॅकसमोर खेळायला मिळते, आणि विंगरला याहून चांगली शाळा नसते.

तोपर्यंत पुढच्या तीन सामन्यांत तुम्ही कडेला उभे राहा आणि गोल मोजू नका. चेंडू पायाशी येण्याआधी त्याने किती वेळा मान वळवून मागे पाहिले, पूर्ण वेगात असताना तो किती वेळा दोन पावलांत थांबला, आणि चेंडू गमावल्यावर किती वेळा मागे पळाला, एवढ्या तीन गोष्टी वहीत लिहा. उजव्या पायाने किती पास दिले तेही शेजारी लिहा. ते आकडे, त्याची जन्मतारीख आणि गेल्या वर्षभरातली उंची मला कळवलीत, तर त्याच्यासाठी पुढच्या सहा महिन्यांचा सराव मी लिहून देईन.